तारा कुणी निवडल्या?

आमच्या घरी ओटीवरच्या भिंतीला एक मॅन्डोलिन कित्येक वर्षे टांगलेले होते. आजोबा बोटीवर नोकरीस असताना कोणत्या तरी सफरीहून त्यांनी ते आणले आणि नाताळच्या दिवसांत जेवणे आटोपल्यावर ते घेऊन ओटीवर बसत, एवढे आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकले होते. आजोबा गेले, तारा गंजल्या, वाद्य मुके झाले. पोटातल्या चिठीवरची अक्षरे पुसट झालेली. ‘नेपल्स’ एवढा शब्द मात्र उजेडात धरल्यावर वाचता येई.

हे वाद्य पुन्हा बोलते करावे, असे एका पावसाळ्यानंतर आमच्या मनाने घेतले. शहरात जाऊन तारांचा एक नवा संच आणला. दुकानात विचारले तेव्हा, “हाच सगळे नेतात, आवाज दणदणीत येतो,” असे उत्तर मिळाले. आम्हीही अधिक चौकशी केली नाही. तारा चढवल्या, सुरात लावल्या आणि खरोखरच घर दुमदुमले. आठवडाभर आम्ही हर्षभरित होतो. दहाव्या दिवशी तारा पडद्यांपासून उंच गेल्यासारख्या वाटू लागल्या. बोटांनी त्या दाबणे कठीण झाले. वाद्य आडवे धरून पाहिले, तेव्हा पोटात धस्स झाले. घोडीच्या खालची लाकडी तबली आत खचू लागली होती आणि तिच्यावर नखभर लांबीची एक चीर उमटली होती.

ज्या वृद्ध कारागिराकडे आम्ही ते घेऊन गेलो, त्यांनी वाद्य हाती घेण्याआधी तारांकडे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, “तारा कुणी निवडल्या?”

आम्ही मान खाली घातली. परंतु तो प्रश्न मनातून गेला नाही. तारा निवडणे म्हणजे नेमके काय? आणि ही निवड आजवर कोणी, केव्हा आणि कशासाठी केली? या शोधात आम्हांला जे गवसले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. मॅन्डोलिनच्या लाकडाचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. आम्हांला मात्र असे दिसून आले की, या वाद्याचा खरा इतिहास त्याच्या तारांत दडलेला आहे. तार बदलली तेव्हा तेव्हा वाद्य बदलावे लागले, आणि वाद्य न बदलता ज्यांनी तार बदलली त्यांना किंमत मोजावी लागली.

आतड्याची तात

आरंभी या वाद्याला धातूची तार नव्हतीच. सतराव्या शतकात इटलीत जे छोटे वाद्य ‘मॅन्डोला’ किंवा ‘मॅन्डोलिनो’ या नावाने ओळखले जाई, ते ल्यूट या वाद्याच्या कुळातले. बदामाच्या अर्ध्या फाकेसारखा त्याचा आकार, मागे फुगीर भोपळा, पुढे पातळ सपाट तबली आणि तिच्यावर मेंढीच्या आतड्यापासून वळलेल्या तातांच्या जोड्या. या ताता तबलीवरच चिकटवलेल्या घोडीला बांधलेल्या असत. बोटांनी किंवा पक्ष्याच्या पिसाच्या दांडीने त्या छेडल्या जात. स्वर मृदू, गोल आणि लहानशा दालनापुरता.

व्हायोलिनचा जगद्विख्यात कारागीर अंतोनियो स्त्रादिव्हारी यानेही अशी वाद्ये घडवली. त्याने १६८० साली केलेले एक मॅन्डोलिनो अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातल्या व्हर्मिलियन येथील राष्ट्रीय संगीत संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. व्हेनिसचा धर्मगुरू-संगीतकार अंतोनियो व्हिवाल्डी याने १७१६ साली ‘युदिथा ट्रायम्फान्स’ हे संगीत-आख्यान रचले. पिएता या अनाथाश्रमातील मुलींनी ते गायिले-वाजविले. त्यात आयुष्याच्या क्षणभंगुरतेवर युदिथ जे गीत गाते, त्याच्या साथीला व्हिवाल्डीने मॅन्डोलिन योजले आहे. चटकन उमटून चटकन विरणारा तातेचा स्वर त्या आशयाला किती समर्पक होता, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही.

या काळातच तारेच्या स्वभावाचे नियम माणसाला उमगले, आणि ते मांडणारा एक संन्यस्त धर्मगुरू होता. मिनिम संघाचा फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) याने १६३६ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ‘विश्वसंवाद’ अशा अर्थाच्या ग्रंथात तारेची लांबी, ताण, जाडी आणि स्वर यांचे नाते स्पष्ट केले. त्याच्या आधी गॅलिलिओचे वडील, ल्यूटवादक व्हिन्चेन्झो गॅलिली, यांनी तारांना वजने टांगून ताण आणि स्वर यांचे प्रयोग केले होते. नियम असा : तार निम्मी केली की स्वर एक सप्तक वर जातो, मात्र लांबी तीच ठेवून केवळ ताणाने एक सप्तक चढायचे असेल, तर ताण चौपट करावा लागतो. तसेच एकाच पदार्थाची तार दुप्पट जाड घेतली आणि तोच स्वर हवा असला, तरीही ताण चौपट लागतो.

हे गणित आम्ही आमच्या मॅन्डोलिनवर लावून पाहिले आणि थक्क झालो. तारांची जाडी आज इंचाच्या सहस्रांशात मोजतात. सर्वांत उंच स्वराची पोलादी तार नऊ सहस्रांशाची घेतली, तर आमच्या वाद्यावर, म्हणजे ३३ सेंटिमीटर लांबीवर, तिचा ताण सुमारे सव्वासहा किलो भरतो. तीच तार अकरा सहस्रांशाची घेतली की ताण सव्वानऊ किलोंवर जातो. डोळ्यांना जो फरक दिसतही नाही, बोटांना जेमतेम जाणवतो, तो वाद्याला दीडपट भार होऊन भोवतो. असे आठ तारांचे मिळून होते. आमच्या दुकानदाराने दिलेल्या संचाची ओढ सत्तर किलोंच्या आसपास होती. एका प्रौढ माणसाच्या वजनाइतकी ओढ आम्ही त्या पातळ तबलीच्या आणि सडपातळ दांडीच्या माथी मारली होती.

नेपल्सची तडजोड

अठराव्या शतकाच्या मध्यास नेपल्स शहरात या वाद्याने नवे रूप धारण केले. व्हिनाच्चिया घराण्यातील कारागिरांची नावे या बदलाशी कायमची जोडली गेली आहेत. भोपळा अधिक खोल झाला. तारांच्या चार जोड्या व्हायोलिनप्रमाणे पंचमांतराने, म्हणजे खालून वर जी, डी, ए आणि ई अशा लागू लागल्या. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तारा तबलीवर बांधणे बंद झाले. त्या वाद्याच्या तळाशी अडकवल्या गेल्या आणि एका सुट्या घोडीवरून पुढे नेल्या गेल्या. घोडीच्या मागे तबलीला किंचित मोड देण्यात आला. त्यामुळे तारांची ओढ तबलीला उपटू पाहत नसे, तर घोडीवाटे ती खाली दाबली जाई. हा बदल दिसायला लहान आहे. परंतु त्यानेच धातूच्या तारेला दार उघडून दिले.

दार उघडले तरी धातू एकदम आत आला नाही. त्या काळी पॅरिसमध्ये हे वाद्य फार लोकप्रिय झाले होते. १७६८ साली लेओने, १७७१ साली फुकेत्ती आणि १७७२ साली मिशेल कोरेत यांनी तेथे मॅन्डोलिनच्या शिक्षणाची पुस्तके छापली. त्या काळच्या अशा पुस्तकांतून तारांविषयी मिळणारी माहिती आजच्या वादकाला चक्रावून टाकते. सर्वांत उंच जोडी आतड्याच्या तातेची. तिच्या खालची पितळेच्या तारेची. ही तार हार्पसिकॉर्ड या वाद्यासाठी काढलेली असे. तिसरी जोडीही पितळेची, पण दोन तारा एकत्र पिळून केलेली. आणि सर्वांत खालच्या जोडीत एक तात चांदीच्या बारीक तारेने गुंडाळलेली, तर तिची सोबतीण एक सप्तक वर लागणारी. एकाच वाद्यावर चार जोड्या आणि चार तऱ्हा!

हा विक्षिप्तपणा नव्हता. तारेच्या निवडीमागे सक्ती होती. एखादी तार किती उंच स्वरापर्यंत चढू शकेल, हे तिच्या जाडीवर मुळीच अवलंबून नसते. तार जाड घेतली की बळ वाढते, पण त्याच प्रमाणात वजनही वाढते आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. उरते ती लांबी आणि त्या पदार्थाची मूळ चिवटता. मॅन्डोलिनच्या लांबीवर पितळेची तार ‘ए’ स्वरापर्यंत जेमतेम टिके. ‘ई’ गाठण्याआधीच ती तुटे. त्या काळच्या लोखंडी तारेचाही तेथे भरवसा नसे. तात मात्र वजनाला हलकी आणि चिवट, म्हणून ती उंच स्वर पेलू शके. उलट, खालच्या स्वरासाठी साधी तात फार जाड घ्यावी लागे आणि जाड तातेचा स्वर मंद, बोथट येई. यावर तोडगा निघाला तो गुंडाळलेल्या तातेचा. आतड्यावर धातूची बारीक तार वेढून वजन वाढवायचे, पण लवचीकपणा टिकवायचा. अशा तारांची जाहिरात १६६४ साली इंग्लंडात छापलेली आढळते.

म्हणजे नेपल्सचा कारागीर स्वर निवडत नव्हता. तो ज्या ठिकाणी जे टिकेल ते लावीत होता आणि त्या तडजोडीतून एक स्वर जन्मास येत होता. मोझार्टने १७८७ साली प्राग शहरात ‘दॉन जोव्हान्नी’ हा ऑपेरा सादर केला. त्यात नायक खिडकीखाली उभा राहून जे आर्जवी गीत गातो, त्याला मॅन्डोलिनची साथ आहे. १७९६ साली त्याच शहरात तरुण बीथोव्हनने जोझेफीन क्लारी या सरदारकन्येसाठी मॅन्डोलिनच्या काही रचना लिहिल्या. या दोघांच्या कानांत जे मॅन्डोलिन होते, त्यावर आजच्या पोलादी तारा नव्हत्या. आज आपण त्या रचना पोलादाच्या झगझगीत स्वरात ऐकतो आणि तोच मूळचा स्वर समजतो. तार बदलली की भूतकाळही कसा नकळत बदलतो, याचे हे उदाहरण होय.

पोलादाचे आगमन

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मॅन्डोलिनची प्रतिष्ठा ओसरली. पियानो मोठा होत चालला होता, वाद्यवृंद विस्तारत होता, सभागृहे भव्य होत होती. तातेच्या स्वराचे हे नाजूक वाद्य मागे पडले. परंतु त्याचे पुनरुज्जीवन ज्या वस्तूने केले, ती वस्तू याच पियानोकडून आली. पियानोसाठी अधिकाधिक चिवट पोलादी तार हवी होती, म्हणून ती तयार करण्याच्या कलेत झपाट्याने सुधारणा होत होत्या. १८५४ साली बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल याने पोलादी तार चिवट करण्याच्या आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले, हा त्यांतला एक मोठा टप्पा.

नेपल्सच्या पास्क्वाले व्हिनाच्चियाने १८३५ साली मॅन्डोलिनला पोलादी तारा लावल्या, असे परंपरेने सांगितले जाते. त्याने केलेले इतर बदल पाहिले म्हणजे तारेची एक निवड किती दूरवर पोचते ते ध्यानात येते. लाकडी खुंट्या वाढीव ताण धरून ठेवीनात, म्हणून दातेरी चक्रांच्या यांत्रिक खुंट्या आल्या. दांडीवरील पट्टी उंचावली आणि लांबली, कारण उंच स्वर आता स्पष्ट येऊ लागले होते. भोपळा आणखी खोल झाला. पिसाच्या दांडीने पोलाद वाजेना, म्हणून तिच्या जागी कासवाच्या पाठीपासून केलेली कठीण नखी आली. एक तार बदलली आणि तिच्यामागे सारे वाद्य बदलले.

या नव्या मॅन्डोलिनने युरोपला वेड लावले. इटलीची राणी मार्गेरिता स्वतः ते वाजवीत असे. नेपल्समध्ये राफाएले कालाचे (१८६३–१९३४) आणि रोममध्ये लुइजी एम्बेर्गेर (१८५६–१९४३) यांनी या वाद्याला कलेच्या उंचीवर नेले. कालाचे तर कारागीर, वादक आणि संगीतरचनाकार असे तिन्ही होते. परंतु एक गोष्ट आम्ही आमच्या वृद्ध कारागिरांकडून शिकलो ती येथे नमूद करतो. या इटालियन वाद्यांची तबली आश्चर्य वाटावे इतकी पातळ असते आणि दांडीत आधाराची पोलादी सळई नसते. ती पोलादी तारांसाठीच घडवलेली आहेत हे खरे, पण त्या काळच्या बारीक पोलादी तारांसाठी. ‘पोलादी’ या एका शब्दाने आमची फसगत केली होती.

अमेरिकेतील दणका

आमच्या दुकानदाराने दिलेला संच ज्या वाद्यासाठी होता, ते वाद्य नेपल्सचे नव्हतेच. त्याची कथा अमेरिकेतील आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलीतील दारिद्र्याला कंटाळून लक्षावधी माणसे बोटीने अमेरिकेस गेली. त्यांच्यासोबत मॅन्डोलिनही गेले. त्यांच्यासोबत तारा वळणारेही गेले. आब्रुत्सी प्रांतातील साल्ले हे डोंगराळ खेडे मेंढ्यांच्या आतड्यांपासून ताता वळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध होते. त्या गावच्या १६८० सालच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत दोनातो दाद्दारियो या माणसाचा व्यवसाय ‘तात वळणारा’ असा लिहिलेला आहे. चर्चच्या वहीत एका ओळीपुरता उरलेला हा माणूस आम्हांला फार जवळचा वाटला. आपल्याही बापजाद्यांचे धंदे अशाच नोंदींतून आपल्याला कळतात. त्याच कुळातील माणसे विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कला स्थायिक झाली, आणि आज त्यांच्या नावाच्या तारा साऱ्या जगात विकल्या जातात.

अमेरिकेत वाद्याची घडणच पालटली. मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे ऑर्व्हिल गिब्सन याने १८९८ साली आपल्या मॅन्डोलिनचे पेटंट घेतले. भोपळा गेला. व्हायोलिनप्रमाणे पुढची-मागची फळी जाड लाकडातून कोरून कमानदार केली गेली. १९०२ साली त्याच्या नावाची कंपनी स्थापन झाली. तेथे लॉइड लोअर याने १९२२ ते १९२४ या काळात ‘एफ-५’ या नमुन्याची वाद्ये सिद्ध केली. त्यांच्या तबलीला व्हायोलिनसारख्या दोन खाचा होत्या आणि कमानीच्या बळावर ती भारी ताण सहज सोशी. यांपैकी ९ जुलै १९२३ ही तारीख असलेले एक वाद्य पुढे बिल मन्रो (१९११–१९९६) या वादकाच्या हाती आले. बँजो आणि फिडल यांच्या कल्लोळात त्याला आपले मॅन्डोलिन ऐकू यावेसे वाटे. लयीच्या प्रत्येक कमजोर ठोक्यावर तारा छेडून लगेच दाबून टाकण्याची त्याची शैली ढोलासारखा आघात मागत होती. त्यासाठी जाड तारा आवश्यक होत्या, आणि त्या सोसणारे वाद्य त्याच्याजवळ होते. त्याच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या मंडळाच्या नावावरून त्या संगीतालाच ‘ब्लूग्रास’ असे नाव पडले.

आज बाजारात ‘मध्यम’ म्हणून जो अकरा सहस्रांशापासून सुरू होणारा संच मिळतो, तो या कुळातला. अमेरिकेतील कमानदार वाद्याला तो मध्यम. नेपल्सच्या वाद्याला तो जीवघेणा. पाकिटावरचा शब्द खोटा नव्हता; तो दुसऱ्याच वाद्याशी बोलत होता.

मुंबईच्या दालनांत

आपल्याकडे हे वाद्य विशेष रुळले ते मुंबईच्या चित्रपटसंगीतात. याला एक सोपे कारण होते. मॅन्डोलिनच्या तारा व्हायोलिनप्रमाणेच लागतात. म्हणून ज्याची बोटे व्हायोलिनवर घडली त्याला मॅन्डोलिनचा डावा हात परका वाटत नाही. गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी व व्हायोलिन शिकून आलेले कितीतरी ख्रिस्ती वादक मुंबईच्या ध्वनिमुद्रण-दालनांत काम करीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांतील एक अग्रणी. प्यारेलाल त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकले. आणि प्यारेलाल यांचे जोडीदार लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७–१९९८) संगीतकार होण्यापूर्वी मॅन्डोलिनवादक म्हणूनच वाद्यवृंदात बसत. या जोडीचे नाव आपण एका दमात घेतो, पण एकाच तऱ्हेने स्वरात लागणारी दोन वाद्येच त्यात एकत्र आली होती, हे सहसा आठवत नाही.

परंतु भारतीय संगीताने मॅन्डोलिनच्या तारेपुढे एक नवाच प्रश्न ठेवला. आपला स्वर एका ठिकाणी उभा राहत नाही. तो मींडेने एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरतो. पडद्यांच्या वाद्यावर हे साधायचे, तर तार बाजूला ओढावी लागते. येथे जोडतार आडवी येते. दोन तारा एकाच वेळी, अगदी सारख्या ओढल्या गेल्या नाहीत, तर स्वर फाटतो. संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) यांनी ही अडचण साधनेने जिंकली. ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) या चित्रपटाच्या संगीतासाठी लोक त्यांना ओळखतात. पण जाणकारांच्या स्मरणात ते राहिले ते मॅन्डोलिनवर रागदारी वाजवणारे साधक म्हणून.

आंध्रातील पालकोल्लू येथे जन्मलेल्या उप्पलपू श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी मात्र वेगळा मार्ग धरला. त्यांनी तारच बदलली. जोडतारा काढून एकेक तार ठेवली, खाली खर्जासाठी पाचवी तार जोडली आणि पोकळ वाद्याऐवजी भरीव लाकडाचे विजेवर चालणारे मॅन्डोलिन हाती घेतले. एकेरी तार बोटाला वश झाली आणि कर्नाटक संगीतातील गमके त्या विदेशी वाद्यातून सहज उमटू लागली. एकेरी तारेचा आवाज लहान होतो, ही उणीव विजेने भरून काढली. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पंचेचाळिसाव्या वर्षीच ते निवर्तले. पण व्हिनाच्चियाने पोलाद लावून जे केले, तेच त्यांनी एक तार काढून केले. तारेची निवड आधी झाली आणि तिच्याप्रमाणे वाद्य घडले.

निवड कशी करावी?

इतका प्रवास केल्यावर मूळ प्रश्नाकडे वळू. ज्यांच्या घरी असे वाद्य आहे त्यांच्यासाठी, पोळलेल्या माणसाच्या अधिकाराने, आम्ही चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वाद्याची ओळख. मागे भोपळा असेल आणि वाद्य जुने असेल, तर सर्वांत उंच तार नऊ सहस्रांशाची किंवा त्याहून बारीक असावी. अशा संचाची एकूण ओढ पन्नास किलोंच्या आसपास राहते. पाठ सपाट किंवा कमानदार असेल, तर दहा सहस्रांशापासून आरंभ करावा. त्याहून जाड तार वाद्य पाहूनच.

दुसरी गोष्ट धातूची. वरच्या दोन जोड्या साध्या पोलादाच्या असतात. त्यांत निवडीला फारसा वाव नाही. खालच्या दोन जोड्या गुंडाळलेल्या असतात आणि स्वराचा रंग तेथे ठरतो. बाजारात जिला ‘एटी-ट्वेंटी ब्रॉन्झ’ म्हणतात, ती खरे तर पितळच : ८० टक्के तांबे, २० टक्के जस्त. तिचा स्वर नवी असताना लखलखीत असतो, पण लवकर मावळतो. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये तांब्यासोबत कथील आणि किंचित फॉस्फरस असतो. साल्लेच्या त्याच कुळाच्या कंपनीने १९७४ साली ती तारांसाठी वापरात आणली. तिचा स्वर अधिक उबदार आणि टिकाऊ असतो. निकेलची तार याहून सौम्य. आणि गोल तारेऐवजी चपट्या फितीने गुंडाळलेली तार सर्वांत मृदू; बोटांची खसखस तिच्यावर ऐकू येत नाही. ज्याला जुन्या तातेच्या स्वराची आठवण हवी आहे, त्याने तिच्याकडे वळावे. मात्र तिचाही ताण पाहून घ्यावा.

तिसरी गोष्ट हाताची. तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नयेत. घोडी सुटी असते. ती तारांच्या दाबानेच जागेवर उभी असते. एकेक तार काढून लगेच नवी लावावी, म्हणजे घोडी सरकत नाही आणि तबलीवरचा भार एकाएकी जात-येत नाही.

चौथी गोष्ट आपल्या हवेची. खाऱ्या वाऱ्यात पोलाद फार लवकर गंजते. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसण्याचा एवढासा नेम तारेचे आयुष्य वाढवतो. आणि वाद्य बराच काळ वाजणार नसेल, तर तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात. भिंतीवर ताणून टांगलेले वाद्य विसावलेले नसते. ते रात्रंदिवस ओझे वाहत असते.

आमचे मॅन्डोलिन चार महिन्यांनी परत आले. कारागिरांनी तबलीला आतून आधाराच्या पट्ट्या लावल्या, चीर सांधली आणि अतिशय बारीक तारा चढवल्या. सांधलेली जागा दिसते. ती लपवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही आणि आम्हीही तसे सांगितले नाही. आम्ही तारा छेडल्या, तेव्हा क्षणभर निराशा झाली. तो दणदणाट कुठेच नव्हता. स्वर लहान होता, किंचित थरथरणारा, ओटीच्या पायरीपलीकडे जाणार नाही असा. जवळच बसलेल्या आमच्या वृद्ध आत्याबाई मात्र सुपारी कातरता कातरता थांबल्या आणि म्हणाल्या, “हाच आवाज. बाबांचा हाच आवाज होता.”

आम्ही त्या वाद्यातून जो आवाज काढू पाहत होतो, तो बाजारात सगळे नेतात तो आवाज होता. त्याचा स्वतःचा आवाज त्याच्या पोटात वाट पाहत थांबला होता. तारा निवडायच्या त्या आपल्या हौसेला विचारून नव्हे, तर ज्याच्यावर त्या चढणार त्याला विचारून, हे आम्ही एक तबली खचवून शिकलो. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे एखादे वाद्य भिंतीवर असेल, तर त्यांनी ते जरूर खाली काढावे. फक्त तारा विकत घेण्यापूर्वी त्याच्या पोटातली चिठी उजेडात धरून एकवार वाचावी.